सीएनजी टेम्पोचा स्पार्क प्लग आट्यांसकट उडतो तेव्हा: काय बघायचं, कुठून सुरू करायचं

लोड भरलेला टेम्पो चढाला लागलाय, दुसऱ्या गिअरवर, आणि सीटखालून एकदम 'ठाप्' असा आवाज येतो आणि त्याच्या पाठोपाठ 'फट् फट् फट् फट्' चालू होतं, अ‍ॅक्सिलेटर दाबला की ते जोरात, सोडला की हळू, गाडी सगळीच्या सगळी थरथरते, पिकअप गेला, आणि केबिनमध्ये गॅसचा वास. हे सगळं एकत्र झालं तर बहुतेक वेळा एका सिलिंडरचा प्लग हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, सुटून बाहेर आलेला असतो. सीट उचलली की प्लगवर बसणारी, त्याला ठिणगीचा करंट देणारी कॉइल वायरला लोंबकळताना दिसते, कधी कधी तर वरच्या पत्र्याला आतून पोचा पडलेला असतो, एवढ्या जोरात बसतो तो.

पण प्लग असा एकदम उडण्याच्या आधी तो बरेच दिवस सांगत असतो, आपण ऐकत नाही. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर 'चिस् चिस्' किंवा 'टिक टिक' असा आवाज येतो जो इंजिनाच्या चालीबरोबर वाढतो आणि गरम झालं की कमी होतो. गाडी मधूनच मिसिंग मारते, तीन पिस्टनवर चालल्यासारखी वाटते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि स्कॅनर लावला तर पी ०३०१ ते पी ०३०४ यातला एखादा कोड येतो, शेवटचा आकडा म्हणजे कुठला सिलिंडर मिस करतोय तो. कॉइल काढली की रबरी बूट खालच्या टोकाला भाजलेला, आणि प्लगच्या खड्ड्यात काळी काजळी. ही काजळी दिसली की तिथेच थांबा, तो प्लग हललेला आहे.

आता उडालाच तर पहिलं काम. चावी बंद. लगेच. रस्त्याच्या कडेला घ्या आणि बंद करा, 'पुढच्या वळणापर्यंत नेतो' नको. कारण सांगतो, प्लग नसला तरी त्या सिलिंडरचा इंजेक्टर गॅस सोडतच असतो, पिस्टन वर आला की तो गॅस हवेबरोबर त्या भोकातून सरळ सीटखाली फेकला जातो, आणि शेजारी लोंबकळणारी कॉइल तिथेच ठिणगी टाकत असते. म्हणजे आग लागायला जे जे लागतं ते सगळं तुमच्या सीटखाली जमलेलं आहे. मग सीएनजी टाकीचा हाताचा व्हॉल्व बंद करा, दोन्ही दारं उघडा, सीट उचलून ठेवा. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, वाट मिळाली की वर निघून जातो, पण बंद केबिनमध्ये कोंडला तर तिथेच राहतो.

एक प्रसंग विसरत नाही. पशुखाद्याच्या गोण्या भरून एक मामा पुण्याहून सासवडला निघाले होते, दिवे घाटात प्लग उडाला, आणि माल वेळेवर द्यायचा म्हणून त्यांनी गाडी तशीच फट् फट् करत वर चढवली आणि सासवडपर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी टोचन करून माझ्याकडे आणली तेव्हा मी सीट उलटी केली, खालच्या फोमला तळहाताएवढा काळा डाग, कॉइलच्या वायरचं कव्हर वितळून तांबं उघडं पडलेलं. मी त्यांना तो फोम हातात दिला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "मिस्त्री, मागे नातू बसला होता." तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी बंद करायला सांगतो, बाकीचं नंतर.

हे का होतं ते नीट समजून घ्या म्हणजे पुढच्या तपासण्या डोक्यात बसतील. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, प्लगचे आटे लोखंडाचे. मऊ धातूत कडक धातू. १४ मिलिमीटरच्या प्लगचं भोक म्हणजे साधारण दीड चौरस सेंटिमीटर, आणि लोडवर गॅस पेटतो तेव्हा आतला दाब ५०-६० बारपर्यंत जातो असं धरलं तर प्लगला खालून ८०-९० किलोचा धक्का बसतो. इंजिन २४०० आरपीएमवर असेल तर हा धक्का सेकंदाला २० वेळा. प्लग घट्ट बसलेला असेल तर वॉशर आणि सगळे आटे मिळून तो भार घेतात, काही होत नाही. पण तो अर्धा फेरा जरी सैल असला तरी तो आत हलतो, हातोडीसारखा आट्यांवर आपटत राहतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे झिजत झिजत एक दिवस सगळे एकदम सुटतात.

सीएनजीवर हे जास्त का दिसतं? माझं मत असं की सीएनजीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, प्लगवर ताण जास्त, म्हणून प्लग लवकर बदलायला लागतात, म्हणजे तेच आटे जास्त वेळा उघडले-लावले जातात. त्यातली निम्मी वेळ गरम इंजिनवर, घाईत, लांब रॅचेट लावून, पंपावरच्या रांगेत नंबर यायच्या आत. एक चूक सैल ठेवण्याची आणि दुसरी जरुरीपेक्षा जास्त आवळण्याची, दोन्हीचा शेवट एकच.

अमेरिकेत फोर्डच्या ट्रायटन इंजिनांचं हे प्रकरण फार गाजलेलं आहे, १९९०च्या दशकाच्या शेवटापासूनची, दर सिलिंडरला दोन व्हॉल्ववाली व्ही-८ आणि व्ही-१० इंजिनं, पिकअप ट्रकमध्ये असायची. त्यांच्या हेडमध्ये प्लगला धरायला मोजून चारेक आटे होते आणि प्लग उडायचे. आपल्या बऱ्याच गाड्यांत १९ मिलिमीटर लांबीचा प्लग असतो, आट्याचं अंतर १.२५ मिलिमीटर, म्हणजे पंधराएक आटे. आपल्याकडे मुळात आटे भरपूर आहेत, ते घालवतो आपण.

आता तपासणी. फुकटातलं आधी, खर्चिक शेवटी. इंजिन पूर्ण थंड, गॅसचा व्हॉल्व बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली.

सगळ्यात आधी बघा की प्लग खरंच उडालाय का. हसण्यासारखी गोष्ट नाही, माझ्याकडे 'प्लग उडाला' म्हणून आलेल्या गाड्यांत कधी सीएनजीच्या बॅकफायरने, म्हणजे गॅस हवेच्या वाटेतच पेटून, एअर फिल्टरचा डबा उघडलेला निघाला, कधी नुसता कॉइलचा बोल्ट पडून कॉइल वर आलेली, कधी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलेलं, त्याचा आवाजसुद्धा अगदी तसाच फट् फट् येतो. प्लग जागेवर असेल आणि नुसतं फुसफुसत असेल तर हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं एकेका प्लगच्या खड्ड्याजवळ आणि मग मॅनिफोल्डजवळ धरा, हे अर्थात बॅटरी जोडून, गॅसचा व्हॉल्व उघडून, इंजिन थोडा वेळ चालू करून, हात-कपडे फिरणाऱ्या पट्ट्यापासून लांब, आणि गॅसचा वास येत नसेल तरच. जिथे आवाज मोठा तिथे गळती. खर्च शून्य आणि अर्धा दिवस वाचतो.

मग उडालेला प्लग हातात घ्या. तो शोधाच, पत्र्यात कुठेतरी अडकलेला असतो. आधी प्लगचा पांढरा चिनीमातीचा भाग अख्खा आहे का आणि खालचा वाकडा इलेक्ट्रोड जागेवर आहे का ते बघा, कारण तुकडा कमी असेल तर तो सिलिंडरच्या आत असू शकतो, आणि मग बाकी काहीही करायच्या आधी तो बाहेर काढायचा. त्यानंतर आटे. प्लगच्या आट्यांत चंदेरी तार गुंडाळल्यासारखी दिसते का? नखाने उचकटून बघा, ती स्प्रिंगसारखी उलगडत येते. ती तार म्हणजे तुमच्या हेडचे आटे आहेत, सोलून प्लगबरोबर बाहेर आलेले. ती दिसली की नवा प्लग लावून काही होणार नाही, सरळ बुशच्या, म्हणजे भोकात नव्या आट्यांची स्टीलची नळी बसवायच्या, कामाकडे जायचं. प्लगचे आटे स्वच्छ, काळे, त्यात अ‍ॅल्युमिनियम नाही असं असेल तर अजून आशा आहे, प्लग कदाचित सैल होऊन फिरत फिरत बाहेर आला असेल.

प्लगची लांबी पण मोजा, बाकीच्या प्लगशेजारी उभा करून. १९ ची जागा असताना कोणीतरी १२.७ चा आखूड प्लग लावलेला मी स्वतः काढलेला आहे, त्याला धरायला एक तृतीयांश आटे कमी आणि खालच्या रिकाम्या आट्यांत कार्बन भरून दगड झालेला. आणि खड्ड्यात टॉर्च मारून बघा, जुन्या प्लगचा वॉशर तिथेच राहिलाय का. दोन वॉशर एकावर एक झाले की प्लग वरच राहतो, नीट दाबून बसत नाही.

पुढची तपासणी बोटांची. खड्ड्यातला कचरा आधी हवेने उडवा, नाहीतर तो आत पडेल. मग नव्या, बरोबर नंबरच्या प्लगच्या डोक्यावर पेट्रोलच्या पाइपचा वीतभर तुकडा खुपसा आणि त्या पाइपनेच प्लग फिरवत खाली सोडा. आधी थोडा उलटा फिरवा, एक बारीकसा 'टक्' जाणवतो, आटा आट्यात पडल्याचा, मग सुलटा. पाना अजिबात नको. पाइपची गंमत ही की आटा वाकडा चढायला लागला तर पाइप प्लगवर घसरतो, पाना मात्र वाकड्या आट्यातसुद्धा दामटून नेतो. पंधराएक फेरे मऊ गेले आणि वॉशर टेकला तर छान. मध्येच अडला, किंवा डगमगत दोन फेऱ्यांत खाली गेला, तर आटे गेलेत.

मऊ गेला तर आता टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराला 'कट्' करणारा पाना. वॉशरवाला प्लग, अ‍ॅल्युमिनियम हेड असेल तर १४ च्या प्लगला २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ च्याला १५ ते २०, १० च्याला १० ते १२. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तक खरं. कमी आकड्यापासून सुरू करा. पान्याने 'कट्' केलं आणि प्लग थांबला तर आटे जिवंत आहेत. पाना 'कट्' करतच नाही, प्लग नुसता लोण्यात फिरल्यासारखा फिरतोय, तर तिथेच सोडा, अजून थोडं आवळून बघू असं करून उरलेले दोन आटे पण घालवू नका. टॉर्क पाना नसेल तर नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, जुना प्लग परत लावत असाल तर बाराव्या ते सहाव्या हिश्शाएवढाच फेरा, कारण त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो. आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीस लावलं की पाना तोच आकडा दाखवतो पण आट्यांवर ताण जास्त पडतो, आणि आजकालच्या बहुतेक प्लगवर मुलामा असतो, त्याला ग्रीसची गरज नसते.

प्लग अडतोय पण चंदेरी तार निघाली नव्हती, वरचेच एक-दोन आटे चेपलेत असं असेल तर आटे साफ करायच्या टॅपने काम होतं. टॅपच्या खाचांत जाड ग्रीस भरायचं म्हणजे चुरा त्याला चिकटतो, हाताने सरळ धरायचा, पाव फेरा पुढे, तेवढाच मागे. टॅप नवा आटा कापायला लागला, म्हणजे हाताला करकर लागली आणि जाडसर चुरा दिसला, तर थांबा. साफ करणं आणि कापणं यात फरक आहे.

मध्येच एक सांगतो कारण मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं. टेफ्लॉन टेप, एम-सील, प्लगवर बारीक तार गुंडाळून ठोकणं, यातलं काही चालत नाही. टेप आणि एम-सील तिथल्या तापमानाला जळून चुरा होतं, तार सुटून आत पडते, आणि प्लगची उष्णता आट्यांतून आणि वॉशरमधून हेडमध्ये जायची असते ती वाट बंद झाल्याने प्लग लालबुंद तापतो. असा 'दुरुस्त' केलेला प्लग दुसऱ्यांदा उडतो तेव्हा भोक एवढं फाकलेलं असतं की साधा बुश पण बसत नाही.

आता बुश. आटे गेले असतील तर भोक मोठं करून, नवे मोठे आटे पाडून, त्यात आतून १४ चे आटे असलेला स्टीलचा बुश बसवायचा. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक हेलिकॉइल, म्हणजे चौकट तारेची स्प्रिंग, स्वस्त, आणि दुसरा अखंड बुश, ज्याला वर कॉलर असते, महाग. हेलिकॉइल बाकी ठिकाणी, बोल्टसाठी, उत्तम. प्लगसाठी मी ती वापरायची सोडली, कारण पुढच्या वेळी प्लग काढताना ती प्लगबरोबरच वर येते, दोनदा झालंय. बरेच चांगले मिस्त्री ती लावतात आणि चालवतात, मी कोणाला चूक म्हणत नाही, पण माल वाहणाऱ्या गाडीला माझी पसंती अखंड बुशलाच. त्या ट्रायटनच्या बाबतीतसुद्धा शेवटी कंपनीने बुश घालून दुरुस्ती करायला मान्यता दिली, म्हणजे हा काही जुगाड नाही.

हेड न उतरवता करायचं असेल तर सगळा जीव दोन गोष्टींत आहे, टॅप सरळ जाणं आणि चुरा आत न राहणं. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर आणायचा म्हणजे दोन्ही व्हॉल्व बंद असतात आणि चुरा व्हॉल्वच्या सीटवर जाऊन बसत नाही, आणि पिस्टन अगदी वर न ठेवता थोडा खाली, नाहीतर टॅप त्याला टेकेल. टॅपला ग्रीस, अर्धा फेरा, बाहेर, पुसा, परत ग्रीस. कंटाळा येतो, पण असंच करायचं. शेवटी बारीक नळी लावून आतून ओढून घ्या, मग ग्रीस लावलेली काडी पिस्टनवर फिरवून बघा काय चिकटतं ते, आणि फोनला जोडायचा तो बारीक कॅमेरा मिळतो तो आत घाला आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्यानंतर सगळे कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, गॅस बंदच ठेवून, बॅटरी जोडून, भोकावर फडकं धरून स्टार्टर दोन-तीनदा मारा, उरलंसुरलं फडक्यावर येतं. तोंड बाजूला ठेवा.

बुशची कॉलर हेडच्या बैठकीत पूर्ण बुडली पाहिजे, त्यासाठी सेटमध्ये बैठक कापायचं वेगळं कटर येतं, ते गाळू नका, नाहीतर प्लग वर राहतो. आणि बुशचं खालचं टोक आत चेंबरमध्ये डोकावता कामा नये, ते तापून निखारा होतं आणि ठिणगीच्या आधीच गॅस पेटवतं. लांबी बरोबर बुश घ्या. बसवल्यावर प्लग पाइपने हाताने लावा, टॉर्क करा, कॉइल-कनेक्टर जोडा, गाडी चालू करा, नळी कानाला लावून ऐका. काही दिवस चालवून झाल्यावर थंड इंजिनवर त्याच आकड्याला एकदा पाना लावून बघा, जास्त नाही.

कुठे थांबायचं ते आता. प्लगचा तुकडा आत आहे आणि कॅमेऱ्यात दिसतोय पण निघत नाही, थांबा, स्टार्टर मारू नका, हेड उतरवायला लागेल. भोक अंडाकृती झालंय किंवा भोकापासून व्हॉल्वच्या सीटकडे केसासारखी चीर दिसतेय, थांबा, ते अ‍ॅर्गॉन वेल्डिंग आणि लेथचं काम आहे, नाहीतर दुसरं हेड. आधी बसवलेला बुशच बाहेर आलाय, तर घरी दुसरा बसवू नका. मागचा सिलिंडर, केबिनखाली, टॅपचं हँडल पूर्ण फिरत नाही, टॅप तिरका धरावा लागतोय, तर तिरका मारण्यापेक्षा हेड उतरवून लेथवाल्याकडे न्या, ते महाग पडतं पण एकदाच पडतं. सगळं करून त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी येतंय, तर व्हॉल्व किंवा पिस्टनला मार बसलाय. आणि प्लग नीट बसूनही गॅसचा वास येतोय तर टाकीचा व्हॉल्व बंद ठेवून सीएनजीच्या अधिकृत फिटरला बोलवा, गॅसच्या लाइनीला मी स्वतः हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. वॉरंटीतली गाडी असेल तर उघडायच्या आधी फोटो काढून कंपनीच्या वर्कशॉपला फोन करा, एकदा टॅप मारला की ते हात वर करतात.

लेथवाल्याकडे जाताना उडालेला प्लग, त्याच्यावरची ती चंदेरी तार आणि खड्ड्यात सापडलेले तुकडे सगळं एका पिशवीत घालून बरोबर न्या. गाडी धुवायच्या नादात लोक ते आधी फेकून देतात, आणि मग आत काय राहिलंय हे कोणालाच सांगता येत नाही.